खरशेदजी कामा आणि लॉजमधील ईश्वर

फ्रीमेसन संघटनेत प्रवेश मागणाऱ्या माणसाला श्रद्धेच्या बाबतीत एकच अट घातली जाते : परमेश्वर आहे, असे तो मानत असला पाहिजे. हा परमेश्वर कोणत्या नावाचा, कोणत्या ग्रंथातला, कोणत्या दिशेला तोंड करून आळवायचा, याची चौकशी होत नाही; संघटनेच्या विधींत त्याचा उल्लेख ‘विश्वाचा महान शिल्पकार’ अशा अर्थाच्या नावाने होतो आणि त्या नावामागे आपापला देव उभा करण्याची मोकळीक प्रत्येकाला असते. अट दिसायला सोपी आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईतल्या पारशी माणसाला ती तितकीशी सोपी नव्हती, कारण त्याच्या धर्मात देव एक की दोन, याचा वाद त्याच शहरात उघडपणे चालू होता आणि त्या वादात त्याची बाजू कच्ची पडत होती. खरशेदजी रुस्तमजी कामा (१८३१–१९०९) हे पन्नासहून अधिक वर्षे फ्रीमेसन होते आणि त्यांतील बहुतेक वर्षे अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाचे अभ्यासकही होते. पश्चिम भारतातील भारतीय फ्रीमेसनांमध्ये त्यांना जो मान होता तो एका बाजूला आणि प्राच्यविद्येतील त्यांचे काम दुसऱ्या बाजूला, अशी त्यांच्या चरित्राची वाटणी सहसा केली जाते. ही वाटणी सोयीची असली तरी खरी नाही. लॉजमध्ये विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देण्याची धडपड त्यांच्या दोन्ही कामांत दिसते.

फ्रीमेसनांनी आपली परिभाषा मध्ययुगीन युरोपातल्या पाथरवटांच्या आणि गवंड्यांच्या संघांकडून उचलली. गुण्या, कंपास, ओळंबा, पाणसळ ही गवंड्याची हत्यारे त्यांच्याकडे सचोटी, संयम, सरळपणा आणि समता यांची चिन्हे झाली; शिकाऊ, कसबी आणि उस्ताद या कारागिरांच्या पायऱ्यांवरून सभासदत्वाच्या तीन पदव्या ठरल्या; आणि कारागीर जिथे जमत त्या जागेचे ‘लॉज’ हे नाव सभासदांच्या शाखेला मिळाले. २४ जून १७१७ रोजी लंडनमधील चार लॉजनी एकत्र येऊन ग्रँड लॉज, म्हणजे शाखांवरची मध्यवर्ती संस्था, स्थापन केली, तोवर हातात छिन्नी न धरलेल्या सभ्य गृहस्थांचाच भरणा त्यांत अधिक झाला होता. १७२३ साली जेम्स अँडरसन या स्कॉटिश धर्मोपदेशकाने सिद्ध केलेल्या घटनेत पहिलेच कलम ईश्वर आणि धर्म यांविषयी आहे. ज्या धर्माविषयी सर्व माणसांचे एकमत आहे तेवढाच सभासदावर बंधनकारक, बाकीची मते ज्याची त्याने आपल्यापाशी ठेवावीत, असा त्या कलमाचा आशय. धर्मयुद्धांनी पोळलेल्या युरोपाला हा तोडगा वाटला, तर रोमच्या धर्मपीठाला तो अपराध वाटला. १७३८ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी फतवा काढून कॅथलिकांना लॉजमध्ये जाण्यास मनाई केली. मनाईमागची धर्मशास्त्रीय शंका क्षुल्लक नव्हती. सर्व धर्म जिथे एकमत होतात तेवढ्यावरच बंधुत्व उभारायचे, तर जिथे ते एकमत होत नाहीत तो भाग, म्हणजे प्रत्येक धर्माचा प्राण म्हणावा असा भाग, दुय्यम ठरत नाही काय?

या तोडग्याला भारतात वेगळेच वळण लागले. अठराव्या शतकापासून ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी आपल्याबरोबर लॉज घेऊन आले, पण त्यांची दारे बहुतांशी गोऱ्यांपुरती उघडी राहिली. कर्नाटकच्या नवाबाचा मुलगा उमदत-उल-उमरा याच्यासारखा एखादा राजपुत्र १७७०च्या दशकात आत घेतला गेला, तो अपवादच. सभासदत्वासाठी गुप्त मतदान होते : पेटीत पांढरी गोटी म्हणजे संमती, काळी म्हणजे नकार, आणि काळी गोटी टाकणाऱ्याला कारण सांगावे लागत नाही. माणेकजी कर्सेटजी (१८०८–१८८७) या मुंबईच्या पारशी गृहस्थांना आपल्याच शहरात हा अनुभव आला. युरोपच्या प्रवासात त्यांनी पॅरिसमधल्या लॉजमध्ये दीक्षा घेतली, आणि परत आल्यावरही मुंबईच्या युरोपीय बंधूंना त्यांना आपल्यात बसवून घेण्याची घाई नव्हती.

ही कोंडी फोडली ती डॉ. जेम्स बर्न्स यांनी. माँट्रोझ या स्कॉटिश गावचे हे शल्यवैद्य १८२१ मध्ये मुंबईत आले, कच्छच्या रेसिडेन्सीत राहिले, सिंधच्या अमिरांच्या बोलावण्यावरून त्यांच्या दरबारी उपचारासाठी जाऊन आले आणि पुढे मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय खात्यात वरच्या पदांवर पोहोचले. स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजने त्यांना १८३६ मध्ये पश्चिम भारताचे प्रांतिक ग्रँड मास्टर नेमले होते. एखाद्या प्रांतातल्या सर्व शाखांवर मूळ संस्थेच्या वतीने देखरेख करणारा प्रमुख, असा या पदाचा अर्थ. १५ डिसेंबर १८४३ रोजी त्यांनी मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज भारतीयांच्या प्रवेशासाठी म्हणून स्थापन केले आणि त्याचे पहिले प्रमुखपद स्वतः घेतले. पारशी आणि मुसलमान सभासद त्यात आले, माणेकजी कर्सेटजी चिटणीस झाले. त्याआधी दोनच वर्षे, नोव्हेंबर १८४१ मध्ये, बर्न्स यांचे दोन धाकटे भाऊ, त्यांतला अलेक्झांडर म्हणजे बोखाऱ्याच्या प्रवासामुळे सर्वत्र गाजलेला, काबूलमध्ये जमावाच्या हातून मारले गेले होते. त्या काळच्या इंग्रजी समाजात या घटनेने आशियाई माणसाविषयी जो कडवटपणा पसरला तो पाहता, बर्न्स यांचा निर्णय केवळ संघटनेच्या विस्ताराचा मानता येत नाही.

त्याच १८४३ साली, त्याच मुंबईत, आणखी एका स्कॉटिश माणसाने पारशांच्या धर्माविषयी अगदी उलट निवाडा दिला. मिशनरी जॉन विल्सन यांचा पारशी धर्मावरील ग्रंथ त्या वर्षी प्रसिद्ध झाला. १८३९ मध्ये त्यांच्याकडे शिकणाऱ्या पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यामुळे समाजात मोठी खळबळ उडालीच होती. आता विल्सन यांनी पारशी ग्रंथांचाच आधार घेऊन प्रतिपादन केले की, या धर्मात चांगल्याचा कर्ता अहुरा मज्द आणि वाइटाचा कर्ता अंग्र मैन्यु अशी दोन तत्त्वे समोरासमोर उभी आहेत, अग्नी-जल-सूर्य यांची पूजा आहे, आणि म्हणून त्याला एकेश्वरी म्हणता येत नाही. दस्तुरांनी, म्हणजे वरिष्ठ पारशी धर्मगुरूंनी, उत्तरे लिहिली. परंतु अवेस्ता मुखोद्गत असणे आणि तिचे व्याकरण कळणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाठांतराने पहिलीची जपणूक केली असली तरी दुसरीची वाट हरवली होती. एक स्कॉटिश डॉक्टर पारशाला ‘परमेश्वर मानतोस ना, मग आत ये’ असे म्हणत होता आणि एक स्कॉटिश धर्मोपदेशक ‘तू जो मानतोस तो परमेश्वर नव्हेच’ असे म्हणत होता. दोघांपैकी कोण बरोबर, हे पारशाला स्वतःच्या ग्रंथावरून सांगता येत नव्हते. बर्न्स यांच्या उदारतेची मर्यादा इथेच दिसते. लॉजने पारशाच्या श्रद्धेवर विश्वास ठेवला, पण ती तपासून पाहण्याचे साधन काही दिले नाही. आणि ते देणे लॉजचे काम नव्हतेही, कारण सभेत धर्म आणि राजकारण यांवर वाद घालण्यास त्याच्या नियमांनी बंदी होती.

खरशेदजी कामा १८५४ मध्ये, वयाची तेविशी पूर्ण होण्याआधी, ‘रायझिंग स्टार’मध्ये दाखल झाले. ते व्यापारी घराण्यातले, एल्फिन्स्टन संस्थेत शिकलेले. दादाभाई नौरोजींच्या सुधारक वर्तुळात त्यांची ऊठबस होती. १८५५ मध्ये दादाभाईंसह ते लंडनला गेले, तिथे कामा कुटुंबाची पेढी सुरू झाली. पण व्यापारात त्यांचे मन फार काळ रमले नाही. मुंबईला परतण्याआधी त्यांनी पॅरिसमध्ये ज्यूल मोल आणि ज्यूल ओपेर यांच्याकडे, आणि जर्मनीत एर्लांगेन येथे फ्रीडरिश श्पीगेल यांच्याकडे अवेस्ता आणि पहलवी या भाषांचा अभ्यास केला. धर्मग्रंथ समजून घेण्यासाठी पारशी माणसाने जर्मन प्राध्यापकापुढे बसावे, यातला विरोधाभास त्या काळी अनेकांना बोचला असणार. कामांनी तो गिळला, आणि १८६१ पासून मुंबईत आपल्या घरी तरुण मोबेदांना, म्हणजे पुरोहित घराण्यातील मुलांना, तौलनिक भाषाशास्त्राच्या पद्धतीने अवेस्ता शिकवायला सुरुवात केली. शेरियारजी भरुचा आणि तेहमुरस अंकलेसरिया हे पुढे नावाजलेले अभ्यासक या घरगुती वर्गातले. पारशी धर्माच्या संशोधनासाठी १८६४ मध्ये जी मंडळी स्थापन झाली तिच्यामागेही कामाच होते.

तौलनिक भाषाशास्त्र म्हणजे एकाच कुळातल्या भाषांतील शब्दांची आणि रूपांची तुलना करून त्यांचा मूळ अर्थ आणि काळ ठरवण्याची पद्धत. तिचा धर्मविचारावर काय परिणाम झाला हे पाहायला पुण्याकडे वळावे लागते. तिथे संस्कृतचे प्राध्यापक म्हणून १८५९ मध्ये आलेले मार्टिन हाउग यांनी १८६२ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत दाखवून दिले की, अवेस्तेतला सगळा मजकूर एका काळचा नाही. त्यातल्या ‘गाथा’ या भागाची भाषा बाकीच्यापेक्षा जुनी, वेदांतील भाषेला अगदी जवळची आहे, आणि धर्मसंस्थापक जरथुष्ट्राची स्वतःची वाणी शोधायची तर ती तिथेच. गाथांमध्ये परस्परविरोधी अशी दोन मैन्यु, म्हणजे वृत्ती किंवा आत्मतत्त्वे, येतात खरी, परंतु हाउग यांच्या मते ती अहुरा मज्दाच्या बरोबरीची नव्हेत, त्याच्या अधीन आहेत; अंग्र मैन्यूला थेट अहुरा मज्दासमोर उभे करणारी मांडणी नंतरच्या ग्रंथांची. हा अर्थ सगळ्याच पंडितांना मान्य झाला असे नाही, आणि तो त्या काळच्या प्रॉटेस्टंट रुचीला फार सहज पटणारा होता ही शंकाही रास्त आहे. तरीही विल्सन यांच्या आक्षेपाला पारशी धर्माच्या आतून, ग्रंथाच्या आधारे देता येईल असे उत्तर आता हाताशी आले होते. कामांनी श्पीगेलकडून आणलेली शिस्त आणि हाउग यांचे निष्कर्ष यांच्या जोरावर सुशिक्षित पारशांची एक पिढी एकेश्वरवाद हा आपल्याच धर्माचा मूळ सिद्धांत असल्याचे मांडू लागली. लॉजमध्ये शिरताना ‘होय’ म्हणणाऱ्या पारशाच्या शब्दामागे आता अभ्यास होता.

इथे पोपच्या शंकेकडे परत जाता येते. लॉजमधला ईश्वर इतका पातळ की त्यात प्रत्येकाचा देव विरघळून जाईल, असे भय होते. कामांच्या बाबतीत उलटच घडले, आणि त्याचे कारण त्या कल्पनेच्या रितेपणातच शोधावे लागते. ‘महान शिल्पकार’ या नावाला कथा नाही, सण नाहीत, प्रार्थना नाही, मृत्यूनंतर काय याचे उत्तर नाही. घराच्या उंबरठ्यासारखी ती कल्पना आहे, तिच्यावरून आत जाता येते पण तिच्यावर संसार मांडता येत नाही. शपथ घेताना समोर ठेवला जाणारा ‘पवित्र नियमग्रंथ’ प्रत्येकाचा स्वतःचा, म्हणजे ख्रिस्ती माणसाला बायबल, मुसलमानाला कुराण, पारशाला अवेस्ता, या प्रथेचा अर्थ असा होतो की लॉजला स्वतःचा ग्रंथ नाही आणि शपथेचे सारे वजन बाहेरून आणलेल्या ग्रंथावर तोललेले आहे. ज्याला आपला ग्रंथ नीट वाचता येत नाही त्याची शपथही तेवढीच हलकी, हे कामांनी कुठे लिहून ठेवले असो वा नसो, त्यांच्या आयुष्याचा क्रम तेच सांगतो. आधी लॉज, मग अवेस्ता. आणि अवेस्ता आल्यावर लॉज सोडले नाही.

दोन्हीकडच्या विधींत पारशाला ओळखीचे वाटावे असेही पुष्कळ होते. नवजोतच्या संस्कारात, म्हणजे पारशी मुलाच्या धर्मदीक्षेत, त्याला सुद्रा हा पांढरा सदरा चढवतात आणि कमरेला कस्ती बांधतात. कस्ती मेंढीच्या लोकरीच्या बहात्तर धाग्यांची विणलेली, यस्न या ग्रंथाच्या बहात्तर अध्यायांची खूण म्हणून, आणि तिचे कमरेभोवती तीन वेढे. लॉजमध्ये नवख्या सभासदाच्या कमरेला कोकराच्या पांढऱ्या कातड्याचे ॲप्रन बांधतात. डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला आत आणतात आणि शपथेनंतर ती सोडतात, तेव्हा ‘प्रकाश मिळाला’ असे मानले जाते. अग्नी आणि प्रकाश यांना ज्याच्या धर्मात ईश्वराच्या सान्निध्याचे स्थान आहे, त्याला हे प्रतीक परके वाटण्याचे कारण नव्हते. पण साम्य दिसले की नाते जोडण्याचा मोह होतो, आणि तो त्या पिढीला झालाच. कामांनी १८७६ मध्ये लॉजमधील बंधूंपुढे मिथ्राची उपासना आणि तिचे गूढविधी या विषयावर, तसेच जरथुष्ट्री आणि फ्रीमेसनरी यांवर निबंध वाचले. मिथ्र ही अवेस्तेतली करार आणि प्रकाश यांची देवता; रोमन साम्राज्यात सैनिकांच्या बंद मंडळ्यांत मिथ्र नावानेच एक गुप्त पंथ रूढ झाला होता, त्यात पायऱ्या होत्या, दीक्षा होती, गुहेसारखी सभास्थाने होती. तुलनेला विषय उत्तम. परंतु रोममधल्या त्या पंथाचा इराणी मूळ देवतेशी नेमका किती संबंध, याविषयी नंतरच्या संशोधनाने मोठे प्रश्न उभे केले आहेत, आणि अठराव्या शतकातल्या लंडनच्या लॉजपर्यंत तो धागा आणणे तर इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. कामांचे अनुयायी जीवनजी जमशेदजी मोदी यांनी पुढे फ्रीमेसनांच्या दंतकथांतील शलमोन राजाच्या मंदिराचा आणि प्राचीन इराण्यांचा संबंध शोधला, त्यातही हीच ओढ आहे. परक्यांनी काढलेल्या संस्थेत आपण पाहुणे नसून मूळ घरचे आहोत, हे सिद्ध करण्याची गरज वसाहतीतल्या सुशिक्षिताला का वाटत होती हे समजण्यासारखे आहे. मात्र ज्या कामांनी अवेस्तेतला जुना-नवा थर वेगळा करायला शिकवले, त्यांनी हीच कसोटी फ्रीमेसनांच्या दंतकथांना तितक्या कठोरपणे लावली असती, तर त्यांचे म्हणणे अधिक भक्कम झाले असते.

हिंदूंच्या प्रवेशाचा प्रश्न याहून चिवट निघाला. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांचे नाव १८६३ मध्ये सुचवले गेले आणि दीक्षा मिळायला १८७२ उजाडले. अनेक देव मानणारा माणूस ‘एक परमेश्वर’ या अटीत बसतो का, हा उघड आक्षेप होता, आणि जातीची बंधने पाळणारा माणूस बंधू म्हणून एका टेबलाशी जेवेल का, ही व्यवहारातली अडचण होती. सभेनंतरचे सहभोजन हा लॉजच्या जीवनाचा अविभाज्य भाग असल्यामुळे ही अडचण लहान नव्हती. मुंबईतल्या मराठी समाजाने याच्या थोडे आधी स्वतःचा एक प्रयोग करून पाहिला होता. दादोबा पांडुरंग आणि राम बाळकृष्ण जयकर यांच्या पुढाकाराने चाललेली परमहंस मंडळी हीसुद्धा गुप्त सभा, तीही एक ईश्वर आणि मानवाचे बंधुत्व मानणारी. सभासद होणाऱ्याला परधर्मीयाच्या हातचा पाव खाऊन जातिबंधन मोडल्याची खूण द्यावी लागे. १८६०च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली आणि नावे फुटण्याच्या भीतीने मंडळी विस्कटली. लॉजही गुप्त, पण त्याची गुप्तता ओळखीच्या खुणा आणि विधी यांपुरती. सभासद कोण हे शहराला माहीत असे, आणि त्यात गव्हर्नर-न्यायाधीशांची नावे असल्यामुळे ते लपवण्याऐवजी मिरवण्याकडेच कल असे. सामान्य लोक लॉजच्या इमारतीला ‘जादूघर’ म्हणत, तेवढीच काय ती बदनामी. परमहंसांना जातीबाहेर टाकले जाण्याचे भय होते, फ्रीमेसनांना नव्हते. पाव खाणाऱ्या त्या मूठभर मराठी तरुणांनी बंधुत्वाची किंमत अधिक मोजली, असे म्हणणे कामांवर अन्याय करणारे ठरू नये.

कारण लॉजमधल्या समतेला कडा होत्या. वर्गणी आणि दीक्षेचा खर्च परवडणारे व्यापारी, वकील, डॉक्टर, संस्थानिक यांच्यापुरती ती होती. स्त्रियांना तिथे मज्जाव होता आणि इंग्रजी-स्कॉटिश परंपरेच्या लॉजमध्ये आजही आहे. माणेकजी कर्सेटजी यांनी १८६३ मध्ये मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली, त्यांची मुलगी आवाबाई हिच्याशी खरशेदजी कामांचा दुसरा विवाह झाला, आणि स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार ही माणेकजी आणि कामा या दोघांची सामाईक आवड होती. तरीही ज्या सभागृहात सासरे-जावई ‘बंधू’ होते तिथे त्यांच्या घरातल्या स्त्रियांना जागा नव्हती. सत्तेच्या बाबतीतही तसेच. १८८३ मध्ये हिंदी न्यायाधीशांना युरोपियनांचे खटले चालवता यावेत म्हणून इल्बर्ट विधेयक आले, तेव्हा भारतातल्या गोऱ्या समाजाने केलेला गदारोळ पाहता, पाणसळीची शिकवण लॉजच्या दाराबाहेर फारशी गेली नव्हती. राजकारणाच्या चर्चेला बंदी हा नियम शांतता राखतो, आणि ज्याच्या हाती राज्य आहे त्याची सोयही राखतो. कामांच्या फ्रीमेसन जीवनाला पन्नास वर्षे झाल्याबद्दल मोदींनी संपादिलेला गौरवग्रंथ १९०७ मध्ये मुंबईत निघाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांची सून भिकाजी कामा हिने जर्मनीत श्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत भारताच्या स्वातंत्र्याचा झेंडा उभारला. एकाच घरातले हे दोन मार्ग एकमेकांशी बोलले नाहीत.

आयुष्याच्या अखेरीस कामांनी हात घातला तो पंचांगाला. पारशांचे वर्ष ३६५ दिवसांचे असल्याने चार वर्षांत एक दिवस मागे पडत जाते, आणि त्यातच एक महिन्याच्या फरकावरून अठराव्या शतकात सुरतेत समाजाचे शहेनशाही आणि कदमी असे दोन तट पडले होते; एकाच अग्यारीच्या वाटेवरच्या दोन घरांचा नवरोज वेगळ्या महिन्यांत येई. प्राचीन इराणमध्ये वर्षारंभ वसंतसंपाताला, २१ मार्चला, होत असे, असे ग्रंथांवरून दाखवून कामांनी ऋतूंशी बांधलेल्या ‘फसली’ गणनेचा पुरस्कार केला, आणि १९०६ मध्ये तिच्यासाठी मंडळ स्थापन झाले. भाषाशास्त्राने शिकवलेली मुळाकडे जाण्याची शिस्त आणि लॉजने लावलेली सर्वांनी एका गुण्याने मोजण्याची सवय, दोन्ही या सूचनेत एकत्र आल्या. शहेनशाहींनी आपली गणना सोडली नाही, कदमींनीही सोडली नाही. फसली मानणारा तिसरा गट मात्र तयार झाला, आणि मुंबईच्या पारशी समाजात आजही तीन पंचांगे चालतात.